विश्लेषण : स्त्रियांच्या मतासाठी झटणारा मेंढ्यांचा मालक आणि पारिहाकाची ती सकाळ… कोण होते सर जॉन हॉल?

न्यूझीलंडच्या दहा डॉलरच्या नोटेवर केट शेपर्ड यांचे चित्र आहे. राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार देणारा न्यूझीलंड हा जगातला पहिला स्वशासित देश. त्या लढ्याच्या नेत्या म्हणून शेपर्ड नोटेवर आल्या, हे योग्यच झाले. पण १८९३ मध्ये शेपर्ड यांना संसदेत पाऊल ठेवून बोलण्याचा अधिकार नव्हता. हजारो स्त्रियांच्या सह्यांचे भेंडोळे सभागृहात घेऊन जायला कोणीतरी पुरुषच हवा होता. ते काम ६८ वर्षांच्या, तब्येतीने खचलेल्या, जुन्या वळणाच्या एका माजी पंतप्रधानांनी केले. ते हजारो मेंढ्यांचे मालक होते. त्यांचे नाव सर जॉन हॉल. याच हॉल यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात, बारा वर्षांपूर्वी, सुमारे १६०० सशस्त्र माणसे पारिहाका नावाच्या एका नि:शस्त्र माओरी गावात घुसली होती. हॉल यांचे चरित्र या दोन्ही घटना एकत्र ठेवूनच वाचावे लागते.

टपाल कचेरीतला कारकून मेंढ्यांकडे कसा वळला?

हॉल यांचा जन्म १८ डिसेंबर १८२४ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या हल या बंदरात झाला. वडील जहाजमालक. मुलाचे बरेचसे शिक्षण युरोपात, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये झाले. परत आल्यावर काही काळ व्यापाऱ्याच्या पेढीवर आणि मग लंडनच्या टपाल खात्यात नोकरी. तिथे खात्याच्या प्रमुखांचे खासगी सचिव होण्यापर्यंत ते पोहोचले. नोकरी चांगली होती, पण वरची वाट ठरलेली आणि संथ. त्याच सुमारास न्यूझीलंडमधल्या मेंढीपालनाविषयीचे एक पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि २७ व्या वर्षी त्यांनी टेबल सोडले. जुलै १८५२ च्या अखेरीस समरंग या जहाजाने ते दक्षिण बेटावरच्या लिटलटन बंदरात उतरले. कँटरबरीची इंग्रज वसाहत तेव्हा अवघी दीड वर्षाची होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे मेंढपाळ म्हटले की कळपामागे रानोमाळ हिंडणारा धनगर डोळ्यांपुढे येतो. हॉल यांच्यासारखे वसाहतीतले मेंढपाळ त्या अर्थाने मेंढपाळ नव्हतेच. सरकारकडून नाममात्र भाड्याने हजारो एकर कुरणाचा परवाना घ्यायचा, ठरलेल्या मुदतीत त्यावर मेंढ्या सोडायच्या, राखणीला आणि कातरणीला मजूर ठेवायचे आणि लोकर लंडनला पाठवायची, असा तो धंदा होता. भांडवल लागे, हिशेब लागे, दमही लागे. हॉल यांच्याकडे तिन्ही होते. रकाया नदीकाठचे टेरेस स्टेशन हे कुरण त्यांनी आधीच्या मालकाकडून विकत घेतले. पुढे होरोराटा गावाजवळचे हे ठाणे त्यांचे कायमचे घर झाले.

ते मैदान तेव्हा जवळजवळ झाडाविना होते. गवताचे झुपके, दगडगोटे आणि वायव्येकडून सुटणारा भणाणता गरम वारा. कुंपणाला लाकूड नाही, नदीवर पूल नाही. पूर आला की माणसेही वाहून जात. मेंढ्यांना खरूज लागली की कळपच्या कळप औषधी पाण्यात बुचकळून काढावे लागत. शेजाऱ्याने हयगय केली तर आपली मेहनत पाण्यात. कातरलेल्या लोकरीच्या गाठी बैलगाड्यांतून बंदरावर न्यायच्या आणि मग कित्येक महिने लंडनच्या भावाची वाट पाहायची. पहिल्या दशकात अनेक जण यात बुडाले, हॉल टिकले. त्यांचे भाऊही मागोमाग याच देशात आले.

पण ती जमीन कोणाची होती?

कँटरबरीचे मैदान रिकामे नव्हते. नायताहू या माओरी जमातीकडून १८४८ मध्ये ब्रिटिश सरकारने एक कोटी एकरांहून अधिक जमीन अवघ्या २००० पौंडांना लिहून घेतली होती. त्यांच्या वस्त्या आणि अन्न गोळा करण्याच्या जागा त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचे वचन कागदावर होते. प्रत्यक्षात राखीव जमीन फारच थोडी मिळाली. या तक्रारीचा निपटारा व्हायला १९९८ साल उजाडले. हॉल यांनी कुरण घेतले ते कायद्याने, पैसे मोजून आणि परवाना घेऊन. त्या कायद्याच्या पायाखाली काय दडले आहे, हा प्रश्न त्यांच्या पिढीतल्या बहुतेक गोऱ्या वसाहतवाल्यांना पडलाच नाही.

त्यांना भीती होती ती वेगळीच. भाड्याच्या कुरणातला एखादा तुकडा कोणीही नवा शेतकरी रोख पैसे भरून विकत घेऊ शकत असे. म्हणून कँटरबरीतल्या अनेक कुरणवाल्यांनी एक युक्ती काढली. २० एकरांपेक्षा लहान तुकडा थेट विकत न देता लिलावात काढण्याचा नियम होता. त्यांनी जाळीच्या चौकटीसारखे मोक्याचे पट्टे आधी स्वत: विकत घेतले आणि मधले तुकडे २० एकरांच्या आत राहतील अशी व्यवस्था केली. मग लिलावाच्या भानगडीत पडायला लहान शेतकरी येतोच कशाला! जमीन, कायदा आणि सभागृह यांचे नाते हे असे होते. कुरण टिकवायचे तर नियम करणाऱ्यांच्या बाकावर बसलेले बरे, हे या वर्गाला लवकरच उमगले.

राजकारणात ते कितपत मुरले?

पुरते मुरले. १८५३ मध्ये प्रांतिक परिषद, १८५५ मध्ये संसद. पहिले मंत्रिपद १८५६ मध्ये मिळाले, पण ते सरकार दोन आठवडेही टिकले नाही. १८६२ मध्ये क्राइस्टचर्चच्या पहिल्या नगर परिषदेचे ते अध्यक्ष झाले. न्यायदंडाधिकारी होते, वरच्या सभागृहात होते, पुन्हा खालच्या सभागृहात आले. १८६६ ते १८६९ या काळात ते पोस्टमास्तर जनरल होते. लंडनच्या कचेरीतला अनुभव इथे कामी आला. त्यांच्याच कारकिर्दीत, नोव्हेंबर १८६८ मध्ये, तारयंत्राच्या सोयीसाठी न्यूझीलंडने सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लागू केली. जगात असे करणाऱ्या अगदी पहिल्या देशांत त्याची गणना होते.

ते फर्डे वक्ते नव्हते. कागद वाचून येणारा, कलम आणि उपकलम पाठ असलेला, वेळेवर हजर राहणारा सदस्य अशी त्यांची ओळख होती. सभागृहाला असा माणूस कंटाळवाणा वाटतो आणि अडचणीच्या वेळी तोच आठवतो.

ती वेळ १८७९ मध्ये आली. लोकरीचे भाव पडले होते, सरकार कर्जात होते. सर जॉर्ज ग्रे यांचे सरकार निवडणुकीनंतर अवघ्या दोन मतांनी पडले आणि ऑक्टोबरमध्ये हॉल पंतप्रधान झाले. त्यांचे बहुमतही काठावरचेच. ऑकलंडच्या चार सदस्यांनी ग्रे यांची साथ सोडून हॉल यांना टेकू दिला तेव्हा ते स्थिर झाले. पक्षांतराचे राजकारण किती जुने आहे, हे यावरून कळावे.

गंमत अशी की सत्तेत आल्यावर हॉल यांनी ग्रे यांच्याच घोषणा अमलात आणल्या. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार देणारा कायदा झाला. संसदेची मुदत पाचवरून तीन वर्षांवर आली. मात्र ग्रे यांनी बड्या जमीनदारांवर लावलेला जमीन कर रद्द होऊन सर्वच मालमत्तेवर कर आला. १८८१ च्या कायद्याने ग्रामीण भागातील मतांना शहरी मतांपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त वजन मिळाले. ही ग्रामीण सवलत पुढे कमी-जास्त होत १९४५ पर्यंत चालली. म्हणजे मत सर्वांना दिले, पण कुरणाकडचे पारडे जड राहील याची काळजीही घेतली. सरकारी नोकरांच्या पगारात सरसकट दहा टक्के कपात केली ती वेगळीच. फेब्रुवारी १८८२ मध्ये डुनेडिन हे जहाज गोठवलेले मांस घेऊन इंग्लंडला निघाले. तोवर मेंढी म्हणजे लोकर. आता तिचे मांसही जगाच्या दुसऱ्या टोकाला विकता येणार होते. त्या वेळीही पंतप्रधान हॉलच होते.

पारिहाकात काय घडले?

हॉल यांच्या कारकिर्दीवरचा सर्वांत मोठा डाग इथे आहे, म्हणून थोडे मागे जावे लागेल. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तारानाकी प्रांतात १८६० च्या दशकात जमिनीवरून युद्धे झाली आणि सरकारने बंडाची शिक्षा म्हणून माओरींच्या प्रचंड जमिनी जप्त केल्या. जप्ती कागदावर राहिली, बऱ्याच ठिकाणी माओरी आपापल्या जागी राहत होते. त्याच काळात ते व्हिटी ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही या दोन धर्मपुरुषांनी तारानाकी पर्वताच्या पायथ्याशी पारिहाका वसवले. शस्त्र उचलायचे नाही, पण जमीनही सोडायची नाही, हा त्यांचा नियम. दूरदूरचे विस्थापित तिथे येऊन राहिले आणि ते देशातले सर्वांत मोठे माओरी गाव झाले.

सरकारने जप्त जमिनीची मोजणी सुरू केली तेव्हा, मे १८७९ मध्ये, पारिहाकाची माणसे गोऱ्यांच्या ताब्यातील शेतांत नांगर घेऊन उतरली. नांगरायचे आणि अटक झाली की प्रतिकार न करता जायचे. दुसऱ्या दिवशी नवे नांगर. पुढच्या वर्षी सरकारी रस्त्याने त्यांच्या पिकांभोवतीची कुंपणे मोडली, तेव्हा माणसे येऊन ती पुन्हा उभारू लागली. त्यांनाही अटक झाली. सत्याग्रह हा शब्द जन्माला यायला अजून पाव शतक अवकाश होता. चारशेहून अधिक जण तुरुंगात गेले. अनेकांना दक्षिण बेटावरच्या थंडीत सक्तमजुरीला धाडले. बहुतेकांवर खटला चाललाच नाही, कारण खटल्याविना डांबून ठेवण्याचे कायदे संसदेने एकामागून एक मंजूर केले. अटका ग्रे यांच्या काळात सुरू झाल्या होत्या. ते खास कायदे करून कोठडी लांबवत नेली ती मुख्यत: हॉल सरकारने.

हॉल यांची बाजू मांडायची तर एक गोष्ट सांगता येते. देशी लोकांच्या खात्याचे मंत्री जॉन ब्राइस हे पारिहाकावर थेट चालून जाण्यास उतावीळ होते. जानेवारी १८८१ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांना परवानगी दिली नाही आणि ब्राइस यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी मवाळ विल्यम रोलेस्टन आले. पण वर्ष सरत आले, वाटाघाटी फसल्या, गोऱ्या वस्त्यांतून दबाव वाढला आणि हॉल यांचा संयम संपला.

पुढचा प्रसंग एखाद्या नाटकात शोभावा असा आहे. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांना माओरींविषयी सहानुभूती होती आणि हॉल मंत्रिमंडळाशी त्यांचे पटत नव्हते. (हेच गॉर्डन आधी फिजीचे गव्हर्नर होते आणि १८७९ मध्ये हिंदुस्थानातले पहिले गिरमिटिये तिथे नेण्याची योजना त्यांचीच.) सप्टेंबर १८८१ मध्ये ते फिजीच्या दौऱ्यावर होते. परतत असल्याची कुणकुण लागली. १९ ऑक्टोबरच्या रात्री वेलिंग्टनमध्ये घाईने बैठक झाली. काळजीवाहू प्रशासक, मुख्य न्यायाधीश जेम्स प्रेंडरगास्ट यांनी पारिहाकाला १४ दिवसांची मुदत देणाऱ्या जाहीरनाम्यावर सही केली. रोलेस्टन गेले, ब्राइस पुन्हा मंत्री झाले. त्याच रात्री, काही तासांनी, गॉर्डन बंदरात उतरले. तोवर बाण सुटला होता.

५ नोव्हेंबर १८८१ च्या सकाळी सुमारे १६०० सशस्त्र पोलीस आणि स्वयंसैनिक गावावर चालून गेले. शेजारच्या उंचवट्यावर तोफ रोखली होती. वाटेत त्यांना भेटली ती गाणी म्हणणारी, खेळणारी मुले. गावातल्या बायकांनी आलेल्या माणसांसाठी पाचशे पाव भाजून ठेवले होते. दोन हजारांवर माणसे मोकळ्या आवारात शांत बसून राहिली. दंगलविरोधी कायदा वाचून दाखवण्यात आला. दंगल मात्र कुठेच नव्हती! ते व्हिटी आणि तोहू उठून सैनिकांबरोबर चालत गेले. मग पुढचे काही आठवडे घरे पाडणे, पिके उखडणे आणि सुमारे १६०० जणांना गावाबाहेर हाकलणे सुरू राहिले. ब्राइस यांनी वार्ताहरांना मज्जाव केला होता. तरी काही जण लपून आत शिरले, म्हणून पुष्कळ तपशील उरला.

पुढे दोघा नेत्यांना क्राइस्टचर्चला, म्हणजे हॉल यांच्याच प्रदेशात, हलवण्यात आले. खटला चालवला तर सुटतील अशी धास्ती होती. म्हणून १८८२ मध्ये खटल्याविनाच डांबण्याचा आणखी एक कायदा झाला आणि १८८३ मध्ये ते घरी परतू शकले. तोवर हॉल पायउतार झाले होते. एप्रिल १८८२ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी पद सोडले आणि त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला.

मग स्त्रियांच्या मतासाठी ते का उभे राहिले?

याचे सोपे उत्तर नाही, आणि हॉल ढोंगी होते असे म्हणून मोकळे होणे तर अगदीच आळशीपणाचे ठरेल. स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा पाठिंबा जुना होता. काही वर्षे संसदेबाहेर राहून १८८७ मध्ये ते परतले, तेव्हा त्यांना कोणतेही पद मिळवायचे नव्हते. १८९० मध्ये मेलबर्नच्या परिषदेत ऑस्ट्रेलियातील वसाहतींशी एकीकरणाचा विषय निघाला, तेव्हा मधला १२०० मैलांचा समुद्र म्हणजे तेवढेच अडथळे आहेत, असा मुद्दा मांडून त्यांनी न्यूझीलंडचा वेगळा मार्ग सुचवला. त्याच वर्षी त्यांनी सभागृहात स्त्री-मताधिकाराचा ठराव आणला.

त्या काळच्या पुराणमतवाद्यांचे गणित असे होते : सर्व पुरुषांना मत मिळाल्याने खाणीत, बंदरात, रस्त्यांवर आज इथे तर उद्या तिथे राबणारा एकटा मजूर मतदार झाला. घरदार असलेल्या वसाहतकऱ्याच्या पत्नीला मत मिळाले तर स्थिरस्थावर कुटुंबांची मते दुप्पट होतील. शिवाय दारूबंदीवाल्या स्त्रियांची संघटना या चळवळीच्या पाठीशी होती आणि दारूचे दुष्परिणाम प्रत्येक कुरणाच्या मालकाने कातरणीच्या हंगामानंतर पाहिलेले असत. हॉल यांच्या मनात हे गणित नसेलच असे नाही. पण निव्वळ गणित करणारा माणूस हरल्यावर थांबतो. हॉल तीन वर्षे हरत राहिले आणि थांबले नाहीत. १८९१ मध्ये त्यांचे विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झाले, वरच्या सभागृहात दोन मतांनी पडले. त्या वर्षी निवेदनांवर नऊ हजारांवर सह्या होत्या, पुढच्या वर्षी त्या दुपटीहून अधिक झाल्या. विरोधी बाकावर असूनही क्राइस्टचर्चच्या केट शेपर्ड यांना संसदेतल्या डावपेचांचा सल्ला देणारा भरवशाचा माणूस तेच होते.

१८९३ मध्ये सुमारे ३२ हजार सह्या जमल्या. देशातल्या प्रौढ युरोपीय स्त्रियांपैकी जवळपास चौथा हिस्सा! मुख्य निवेदनाची ५४६ पाने एकाखाली एक चिकटवून शेपर्ड यांनी ती झाडूच्या दांडक्याच्या तुकड्यावर गुंडाळली. हॉल यांनी सभागृहात ते भेंडोळे मधल्या वाटेवर घरंगळत सोडले. २७० मीटरचा कागद उलगडत गेला आणि दांडका पलीकडच्या टोकाला जाऊन आदळला, अशी आठवण सांगितली जाते. कमी बोलणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच नाट्य केले, तेही कागदाच्या साह्याने.

अखेरचा कायदा मात्र हॉल यांच्या नावावर नाही. तो सत्तारूढ लिबरलांचा. त्यांचे नेते रिचर्ड सेडन यांना तो मनापासून नको होता. वरच्या सभागृहात तो पाडण्यासाठी त्यांनी आपल्या एका सदस्यावर दबाव आणला. या दांडगाईने चिडून दोन विरोधकांनी आपले मत फिरवले आणि ८ सप्टेंबरला विधेयक २० विरुद्ध १८ असे तरले. १९ सप्टेंबर १८९३ रोजी गव्हर्नरांची सही झाली. मालमत्तेची अट नव्हती आणि माओरी स्त्रियाही त्यात होत्या. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ९० हजारांवर स्त्रियांनी मतदान केले. हॉल यांनी ती निवडणूक लढवलीच नाही. काम झाले म्हणून ते बाहेर पडले. स्त्रियांना उमेदवारीचा हक्क मिळायला मात्र १९१९ पर्यंत थांबावे लागले.

या दोन गोष्टी एका माणसात कशा मावल्या? माझ्या मते हॉल यांच्या लेखी नागरिक म्हणजे कुंपणाच्या आत घर मांडून बसलेला माणूस. त्या चौकटीत त्यांना स्त्री सहज दिसली, अनेक पुढारलेल्या पुरुषांच्या आधी दिसली. पारिहाकाची माणसेही आपल्याच शेतात घर मांडून बसली होती, कुंपणे घालत होती, पिके घेत होती. पण ते कुंपण हॉल यांच्या सरकारने मोडले. २०१७ मध्ये न्यूझीलंड सरकारने पारिहाकाला जाऊन जाहीर माफी मागितली. त्या माफीत, सैनिकांनी तिथल्या स्त्रियांवर केलेल्या बलात्कारांचाही उल्लेख आहे. स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास सांगताना हे वाक्य टाळता येत नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८९३ नंतर हॉल टेरेस स्टेशनवर, आपल्या मेंढ्या, झाडे आणि कागदपत्रांत रमले. १९०६ मध्ये क्राइस्टचर्चला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा शहराने या म्हाताऱ्याला मानाने महापौर केले. २५ जून १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. होरोराटाच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले आहे. सह्यांचे ते भेंडोळे आज वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, माओरींशी झालेल्या वायटांगीच्या कराराशेजारी ठेवलेले आहे.

पारिहाकाचे तोहू काकाही त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गेले आणि ते व्हिटी नोव्हेंबरात.